गोलघुमटात ऐकलेली कुजबुज



मागच्या अंकात आपण जतहून निघून विजापूरच्या वेशीपर्यंत येऊन पोचलो होतो, आठवतंय ना? ज्यांचा तो अंक वाचायचा राहिला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२४ च्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे कऱ्हाडहून सायकलवर निघालो. मी, माझा धाकटा भाऊ आणि आमच्या वाड्यातले आण्णा. आण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. केस पांढरे, पण चढावर आम्हां दोघांच्या पुढे! पहिला मुक्काम विट्याला, दुसरा जतला, तिसरा विजापूरला. गुहागर–विजापूर रस्त्याने आम्ही जवळजवळ दोनशे किलोमीटर अंतर कापले होते. पुढे अलमट्टी, मग बदामी आणि शेवटी हंपी असा बेत होता.

आजच्या भागात मात्र आमच्या सायकली एक इंचही पुढे जाणार नाहीत. हसू नका! कारण आजचा दिवस आहे विसाव्याचा.

खरं सांगू? हा विसावा मला मुळीच नको होता. निघण्यापूर्वी मी एका वहीत छान तक्ता आखला होता. तारीख, गाव, किलोमीटर. शिक्षिकेची सवयच ती! चौथ्या दिवसापुढे मी 'अलमट्टी' लिहून ठेवलं होतं. आण्णांनी ती वही बघितली, खिशातलं पेन काढलं, 'अलमट्टी' खोडलं आणि तिथे मोठं थोरलं शून्य काढलं.

"आण्णा, शून्य कशाला? सुट्टीचे दिवस मोजके आहेत," मी म्हणाले.

"पोरी, डेपोत आम्ही चांगली धावणारी गाडीसुद्धा ठरल्या दिवशी उभी करायचो. बिघडली म्हणून नाही, बघायला म्हणून," आण्णा म्हणाले. वर आणखी पुस्ती जोडली, "माणसालाही तोच नियम."

मी भावाकडे बघितलं. "तुला काय वाटतं? उद्या निघायचं ना?"

"हो ताई. तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

हे त्याचं उत्तर लक्षात ठेवा बरं का! मला ते पुढे फार महागात पडणार होतं.

शेवटी आण्णांचंच खरं झालं आणि आम्ही विजापुरात थांबलो. पण माझ्या मनात आणखी एक काम होतं. सुट्टी लागायच्या दिवशी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, विजापूर म्हणजे शिवरायांच्या शत्रूचं गाव ना? मग तुम्ही तिथे कशाला जाताय?"

चौथीला आपण शिवरायांचा इतिहास शिकतो. त्यात विजापूर पानोपानी येतं. विजापूरचा आदिलशहा, विजापूरचा दरबार, विजापूरहून निघालेला अफजलखान. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. "आल्यावर सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली होती. तुमच्या बाई पण कधी कधी अशी पळवाट काढतात, हे आता तुम्हाला कळलं!

सकाळ : गोलघुमट

सकाळी लवकर उठून आम्ही गोलघुमटावर गेलो. कर्नाटक राज्याचा वर्धापनदिन १ नोव्हेंबरला असतो, त्यामुळे रस्त्यात अजून लाल-पिवळ्या पताका फडफडत होत्या. (याच दिवशी, २०१४ साली, या शहराचं सरकारी नाव 'विजयपूर' झालं. मी मात्र आपल्या तोंडात बसलेलं 'विजापूर' हेच नाव वापरते आहे.)

गोलघुमट म्हणजे महंमद आदिलशहाची कबर. त्याने १६२७ ते १६५६ पर्यंत राज्य केलं. म्हणजे बघा, १६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेव्हा विजापूरच्या गादीवर हाच आदिलशहा होता. शिवराय मावळात सवंगडी जमवत होते, त्या वर्षांत इकडे गवंडी आणि पाथरवट ही अवाढव्य इमारत उभी करत होते.

आत पाऊल टाकलं आणि मी गप्पच झाले. समोर सुमारे १,७०० चौरस मीटरची एकच एक खोली आणि मध्ये एकही खांब नाही! तुमच्या शाळेचा वर्ग साधारण पन्नास चौरस मीटरचा धरला तर असे चौतीस वर्ग या एका खोलीत बसतील. आणि डोक्यावर तो घुमट. बाहेरून त्याचा व्यास सुमारे ४४ मीटर, आतून सुमारे ३८ मीटर.

खाली खोली चौकोनी आणि वर घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा कसा? कोपरे तर उघडे राहणार! त्या कारागिरांनी काय युक्ती केली माहीत आहे? त्यांनी भिंतींपासून मोठमोठ्या कमानी अशा उचलल्या की त्या वर जाताना एकमेकींना छेदतात. खालून बघितलं तर एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरका ठेवल्यासारखी आठ टोकांची चांदणी दिसते. त्या चांदणीच्या आत जी मोकळी जागा उरते, ती अष्टकोनी. अष्टकोन म्हणजे जवळजवळ गोलच की! त्याच्यावर घुमट अलगद बसला. लेखाच्या शेवटी मी तुम्हाला हे कागदावर करायला सांगणार आहे.

वर जायला चारही कोपऱ्यांत सात-सात मजली मनोरे आहेत. आत अरुंद, अंधारा दगडी जिना. मी भराभर चढून गेले. वर पोचून मागे बघते तर भाऊ आणि आण्णा दोघेही नाहीत. बऱ्याच वेळाने आले. "आण्णांना दम लागला होता," भाऊ म्हणाला. आण्णा काहीच बोलले नाहीत. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. चढावर आम्हांला मागे टाकणाऱ्या आण्णांना जिन्यावर दम लागेल?

घुमटाच्या आत, अगदी वर, भिंतीला लागून एक गोल सज्जा आहे. हीच ती प्रसिद्ध 'कुजबुजणारी' जागा. इथे एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोललं तर समोरच्या बाजूला, इतक्या लांब उभ्या असलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. टाळी वाजवली तर सात ते दहा वेळा तिचा प्रतिध्वनी येतो असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही दोघे इथेच थांबा, मी पलीकडे जाते. मी हात केला की बोला."

मी भिंतीला धरून अर्धी फेरी मारून पलीकडे गेले. समोर ती दोघं बोटाएवढी दिसत होती. मी अजून हातसुद्धा वर केला नव्हता, तेवढ्यात माझ्या कानाशी, अगदी शेजारी उभं राहून बोलावं तसा भावाचा आवाज आला.

"आण्णा, गुडघा फार दुखतोय हो. पण ताईला सांगू नका. तिचा तक्ता बिघडेल."

मुलांनो, मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. हात वर करायचं विसरूनच गेले.

ते वाक्य त्याने माझ्यासाठी म्हटलं नव्हतं. शेजारच्या आण्णांना म्हटलं होतं. पण साडेतीनशे वर्षांपेक्षा जुन्या त्या भिंतीला काय ठाऊक, कोणतं गुपित आणि कोणतं नाही? तिने ते आपलं माझ्यापर्यंत पोचवलं.

भिंत निरोप कसा पोचवते?

थोडं विज्ञान सांगते, म्हणजे हा जादूटोणा नव्हे हे कळेल. आपण मैदानात बोलतो तेव्हा आवाज सगळीकडे पसरतो आणि लांब जाता जाता विरून जातो. पण गोल, गुळगुळीत भिंतीजवळ बोललं की आवाजाचा बराचसा भाग त्या भिंतीच्या वळणाला धरून, सरकत सरकत पुढे जातो. मधल्या पोकळीत तो फारसा सांडत नाही. म्हणून पलीकडे पोचेपर्यंत तो टिकतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. घुमटाची अर्धी फेरी साधारण ६० मीटरची. म्हणजे भावाचे शब्द पाव सेकंदाच्या आतच माझ्यापर्यंत आले होते.

आपले थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही अशा जागांचं मोठं कुतूहल होतं. त्यांनी १९२१ साली लंडनच्या सेंट पॉल चर्चमधल्या अशाच सज्जाचा अभ्यास केला. भारतात परतल्यावर त्यांनी गोलघुमटाचाही अभ्यास केला. पुढे १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते प्रकाशावरच्या संशोधनासाठी.

दुपार : शून्याचा हिशेब

लॉजवर परत येईपर्यंत मी काहीच बोलले नाही. आधी मला राग आला. इतकी मोठी गोष्ट लपवायची? मग आठवलं, जतहून येताना तो सारखा मागे पडत होता आणि मी ओरडत होते, "अरे चल, चल! उन्हाच्या आत पोचायचंय!" एकदाही मी थांबून विचारलं नव्हतं की तू मागे का पडतोस.

आणि विचारलं असतं तरी? "उद्या निघायचं ना?" असं मी विचारलं होतंच की. त्यावर तो काय म्हणाला? "हो ताई."

मुलांनो, मी रोज वर्गात फळ्यावर गणित सोडवते आणि विचारते, "कळलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "हो बाऽऽई!" मी खूश होते आणि पुढचं गणित घेते. पण शेवटच्या बाकावर कुणीतरी शेजारच्याला हळूच म्हणत असेल, 'मला नाही रे कळलं. बाईंना सांगू नको.' आमच्या वर्गाला घुमट नाही. मग ते मला ऐकू कसं येणार?

लॉजच्या अंगणात मी भावाला म्हटलं, "गुडघा कुठे दुखतो, दाखव."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आण्णांकडे. "आण्णा, तुम्ही सांगितलंत?"

"मी नाही बाबा. तुझ्या त्या घुमटानं सांगितलं!" आण्णा हसत म्हणाले. मग आम्ही तिघेही हसलो आणि माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरलं.

जवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघा वाकवून, दाबून बघितला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवस विश्रांती घ्या, बर्फाने शेका आणि दुखणं थांबल्याशिवाय सायकलवर बसू नका, असं त्यांनी बजावलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, "सायकलची सीट किती उंच आहे?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

परत आल्यावर आण्णांनी सायकली धुवायला काढल्या. विसाव्याच्या दिवसाचं हे मोठं काम. जुन्या टूथब्रशने चेनमधली माती काढायची, ती कोरडी करून तेलाचे थेंब सोडायचे, टायरमध्ये काच-काटा अडकला आहे का बघायचं, ब्रेकची रबरं तपासायची. भावाच्या सायकलपाशी येताच आण्णा थबकले. सीटचा दांडा धरून त्यांनी नुसता दाबला आणि तो खाली सरकला! नट ढिला झाला होता. खड्ड्यांमध्ये आदळून आदळून सीट दोन बोटं खाली उतरली होती.

सीट खाली गेली की पॅडल मारताना गुडघा जास्त दुमडतो. एक-दोन तास काही वाटत नाही. पण दिवसाला हजारो वेळा तसा दुमडला तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. एवढंसं कारण! एक पाना आणि दोन मिनिटं पुरली. पण ते दिसायला सायकल उभी राहावी लागली.

शरीराचंही तसंच आहे. आपल्या स्नायूंमध्ये पिठामुळे आणि साखरेमुळे मिळणारी शक्ती साठवलेली असते. दिवसभर सायकल चालवली की तो साठा संपत येतो. तो पुन्हा भरायला नीट जेवण आणि साधारण एक दिवस लागतो. दुखावलेले स्नायू दुरुस्त होतात ते विश्रांतीतच. म्हणून विसाव्याचा दिवस म्हणजे आळसाचा दिवस नव्हे. त्या दिवशी काम चालू असतं, फक्त ते बाहेरून दिसत नाही.

दुपारी खानावळीत जेवलो. ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. चव आपल्याकडच्यासारखीच! भावाने मोजून पाच भाकऱ्या खाल्ल्या. साठा भरण्याचं काम तो मनापासून करत होता.

संध्याकाळ : टांग्यातून विजापूर

भावाला चालवायचं नव्हतं, म्हणून टांगा केला. टांगेवाले चाचा पांढऱ्या दाढीचे. आमच्याशी ते दख्खनी हिंदीत आणि मधून मधून मराठीत बोलत होते, घोड्याशी मात्र कानडीत!

पहिल्यांदा आम्ही बारा कमान बघितली. महंमद आदिलशहाचा मुलगा अली आदिलशहा दुसरा याची ही कबर. गोलघुमटाहून मोठी इमारत बांधायची, असं त्याच्या मनात होतं म्हणतात. पण १६७२ साली तो वारला आणि काम तिथेच थांबलं. आता नुसत्या काळ्या दगडी कमानी उभ्या आहेत. वर छप्पर म्हणून फक्त आभाळ. मुलांनो, १६५९ साली अफजलखान शिवरायांवर चालून निघाला तेव्हा गादीवर हाच अली होता आणि कारभार बडी बेगम बघत होती. पाठातलं नाव असं समोर दगडात भेटलं की अंगावर शहारा येतो.

मग गेलो पश्चिमेच्या तटावर, मुलूखमैदान तोफ बघायला. बाप रे! लांबी साडेचार मीटरच्या आसपास आणि वजन सुमारे ५५ टन. तोंड एका अक्राळविक्राळ श्वापदाच्या जबड्यासारखं आणि त्या जबड्यात चिरडलेला हत्ती.

चाचांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"कऱ्हाडचे. सातारा जिल्हा."

"मग ही तुमच्याकडचीच," चाचा तोफेकडे हात करून म्हणाले. "आम्ही फक्त सांभाळतो."

चाचांचं म्हणणं खरं होतं. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी नावाचा तुर्की कारागीर. पुढे ती आपल्या परांडा किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापूरला आणली. ती ओढायला शेकडो बैल, हत्ती आणि माणसं लागली म्हणतात.

या तोफेची आणखी एक गंमत आहे. पेशवाई १८१८ साली संपली आणि इंग्रजांनी विजापूर साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात दिलं. म्हणजे एके काळच्या शत्रूच्या राजधानीवर शिवरायांच्या वंशजांचं राज्य आलं! १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं. नंतर १८५४ साली साताऱ्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने हुकूम काढला की विजापुरातल्या निरुपयोगी वस्तू विकून टाका. त्यांत ही तोफही लिलावाला निघाली. बोली किती लागली असेल? फक्त १५० रुपये! विजापूरचा मामलेदार मात्र विचारी होता. त्याने घाईने सौदा पक्का केला नाही. किंमत फारच कमी आहे आणि लोक या तोफेला मानतात, असं त्याने वर कळवलं. विक्री रद्द झाली. तो क्षणभर थांबला म्हणून तोफ आज जागेवर आहे, नाही तर कधीच वितळून गेली असती.

सूर्य मावळायच्या आत आम्ही इब्राहिम रोजाला पोचलो. महंमदाचे वडील इब्राहिम आदिलशहा दुसरे यांची ही कबर. गोलघुमट बघून छाती दडपते, इथे मात्र मन शांत होतं. सडपातळ मनोरे, दगडात कोरलेली नाजूक जाळी. हा इब्राहिम गाण्याचा मोठा वेडा होता. त्याने 'किताब-ए-नवरस' नावाचा गीतांचा ग्रंथ लिहिला. भाषा दख्खनी. आणि त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे. लोक या सुलतानाला 'जगद्गुरू' म्हणत.

भाऊ पायरीवर पाय लांब करून बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले आणि त्या चौथीतल्या मुलीचा प्रश्न त्याला सांगितला.

"मग काय उत्तर देणार?" त्याने विचारलं.

उत्तर

शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलीला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

विजापूरच्या दरबाराशी शिवराय लढले, हे खरं आहे. ते कुणी पुसू नये. स्वराज्य उभं राहिलं ते त्या लढ्यातूनच. पण लढाईचा आवाज मोठा असतो. तो चारशे वर्षांनंतरही ऐकू येतो. त्याच शहरात आणखी पुष्कळ लहान आवाज होते. चौकोनावर गोल बसवणारे गवंडी होते. जाळी कोरणारे हात होते. गाणारे होते. इथल्या चाकरीत मराठी सरदार होते. खुद्द शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार होते. पुढे १६८६ साली औरंगजेबाने विजापूर जिंकलं आणि आदिलशाही संपली. राजे गेले, दरबार गेला. शहर मात्र राहिलं. आज तिथे आपली तोफ प्रेमाने सांभाळणारे चाचा राहतात.

मोठे आवाज धावतानाही ऐकू येतात. लहान आवाज ऐकायचे तर थांबावं लागतं. मी सायकलवरून नुसती पुढे गेले असते तर विजापूर माझ्यासाठी पाठातलं एक नाव राहिलं असतं. आणि माझ्या सख्ख्या भावाचा गुडघा दुखतोय, हेही मला कळलं नसतं.

ती मुलगी क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे बाई, ते शत्रूचं गाव होतं. आता ते चाचांचं गाव आहे."

मी तीन पानं बोलले, तिने दोन वाक्यांत सांगितलं!

आता मी वर्गात "कळलं का?" असं विचारत नाही. "काय कळलं नाही?" असं विचारते. आणि मग थांबते. पहिल्या दिवशी कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. अर्धाच.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. "पेपर कसा गेला?" असं विचारलं की मूल म्हणतं, "चांगला." "शाळा कशी आहे?" "छान." ही उत्तरं माझ्या भावाच्या "हो ताई"सारखी असू शकतात. एखाद्या रविवारी तक्त्यात शून्य लिहा. क्लास नाही, पाहुणे नाहीत, टी.व्ही. आणि मोबाईलही नाही. नुसते शेजारी बसा. काहीतरी नक्की ऐकू येईल.

करून पाहा

१. एका जाड कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एकावर दुसरा असा तिरका ठेवा की आठ टोकांची चांदणी तयार होईल. दोन्ही चौकोनांना झाकणारा मधला भाग अष्टकोनी आहे ना? आता त्या अष्टकोनात बसेल एवढी वाटी उपडी ठेवा. झाला तुमचा गोलघुमट!

२. मोठ्या माणसाला सायकल धरायला सांगा. सीटवर बसा, एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला तर सीटची उंची ठीक. गुडघा बराच वाकलेला राहिला तर सीट खाली आहे. मात्र लहान मुलांचे पाय थांबताना जमिनीला टेकले पाहिजेत. त्यांनी मोठ्यांना विचारूनच सीट वर करावी. आणि हो, नट घट्ट आहे ना, तेही बघा!

राहता राहिला आमचा तक्ता. आम्ही विजापुरात आणखी एक दिवस राहिलो. या वेळी वहीतलं शून्य मी स्वतः लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ उठला, दहा वेळा उठाबशा काढून दाखवल्या आणि म्हणाला, "ताई, आता खरंच दुखत नाही."

मी विचारलं, "घुमटात जाऊन पुन्हा ऐकू का?"

पुढच्या अंकात आपण अलमट्टीच्या धरणावर भेटू. आपल्या कऱ्हाडची कृष्णा तिथे केवढी थोरली होते, ते बघायला तयार राहा!

तुमच्या,
सायकलवाल्या बाई